मधात हं म्हणायचं नाही

आई, मी या वयात वायरलेस शिकून राहिले. हसू नको. पोलिसाच्या कमरेला असतो तसा हातातला सेट, सगळ्यात स्वस्तातला. परीक्षा दिली, लायसन्स आलं, मग मागवला. पोरगा फोनवर म्हणाला, "मोबाइल आहे ना आई, हे कायले?" आता याला काय सांगू? मोबाइलवर ओळखीचीच माणसं, अन् ती सदा घाईत. सौंसरच्या या घरात संध्याकाळी बोलायला कोणी नसतं. अनोळखी का होईना, कोणीतरी उत्तर द्यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

घरात बसून सेट लावला तर नुसती खरखर. मग गच्चीवर बांबू बांधला, त्याला तारेचा अँटेना लावला, अन् माझा कॉलसाइन, म्हणजे सरकारनं दिलेलं हवेतलं नाव, पुकारत बसले. बरेच दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. एका संध्याकाळी रामाकोन्याहून उत्तर आलं. आई गं, अंगावर काटाच आला! रिटायर झालेले मास्तर होते. बोलता बोलता घरचं सांगू लागले, अन् मी आपली सवयीनं बोलायचं बटण दाबून "हं", "हो ना", "मग?" करत राहिले.

ही सवय तुझी. पांढुर्ण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापता थापता काहीबाही सांगायची, अन् मी हं म्हटलं नाही की तुझा हात थांबायचा. "मी काय भिंतीशी बोलून राहिली?" मग मी गणितं सोडवतानाही हं म्हणत राहायची. आपल्याकडे गप्प ऐकणारा माणूस मगरूर ठरतो. या सेटचं मात्र उलटं आहे. आपण बटण दाबलं की समोरच्याचं ऐकूच येत नाही, अन् तो बोलत असताना आपलं हं त्याला पोचतही नाही. माझ्या प्रत्येक हंपायी मास्तरांचे दोन-चार शब्द गेले. मला कळलं ते एवढंच, की बायकोला नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं अन् मग घरी आणलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बरं झालं! घरचं खाल्लं की सुधारतील."

पलीकडून हळूच आवाज आला, "ताई, घरी मयत आणली होती जी."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. माफी मागितली, पण तोवर त्यांनी सेट बंद केला होता. त्यानंतर रोज पुकारलं. उत्तर नाही. एकच माणूस मिळाला होता, तोही मी माझ्या तोंडानं घालवला म्हणून स्वतःचाच राग राग केला.

काल ते सेटवर पुन्हा आले. मी म्हटलं, "मास्तर, चुकलं माझं. पुन्हा सांगाल का? मधात बोलत नाही." सेट कठड्यावर ठेवला अन् दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. हं गळ्याशी येत होतं, गिळत होते. त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्यात जायला निघताना बायको म्हणाली होती, दूध झाकून ठेवा. घाईत ते राहिलं. तिला घेऊन परत आले तेव्हा पातेलं तसंच उघडं होतं. शेवटी विचारलं, "ताई, आहात का?"

"आहे. सगळं ऐकलं."

"भेटायला येणारे मधातच हो हो करतात, चहा पितात अन् जातात," मास्तर म्हणाले. "आज पहिल्यांदा शेवटपर्यंत सांगून झालं. आता तुम्ही सांगा."

मी बटण दाबलं अन् संत्र्याच्या बहाराचं बोलले.

तू तर केव्हाचीच गेलीस, ही चिठ्ठी कुठं टाकणार, घरातच राहील. अन् खरं सांगू? मी वायरलेसचं लिहायला बसलेच नव्हते. तुझे जावई मागच्या उन्हाळ्यात गेले, आई. त्यांचं सांगायचं होतं.