चाळीस पासवर्ड आणि दोन किल्ल्या

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुझा खोकला थांबला का? भाऊजींना नवे दात मानवले का? इकडे सगळे मजेत आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही.

तुझे जावईबापू राजीनामा लिहायला बसलेत आणि लेकीला घेऊन परगावच्या नोकरीवर निघालेत, असं कानावर आलं. म्हणून खरं काय ते माझ्याकडून ऐक. सोमवारी आपल्या खोक्यांच्या कंपनीत चाळीस माणसं खुर्चीत बसली आणि एकालाही कॉम्प्युटर आत घेईना. पासवर्ड टाकला की एकच उत्तर : लॉगिन अमान्य. नेटवर्क जावईबापूंकडे, म्हणून मी सगळ्यांदेखत म्हणालो, "जमत नसेल तर घरी बसा." ते बसले. (इतका आज्ञाधारक माणूस मी पाहिला नाही.)

म्हटलं, हाताने पुठ्ठा कापून कंपनी उभी केली, हेही आपणच निस्तरू. प्रत्येकाच्या पाठीमागे उभा राहून पासवर्ड टाकायला लावला. हिशेबाच्या बाईंच्या अकरा टकटकी, गोदामवाल्याच्या आठ (माझे कान तुला ठाऊक आहेत). एकही चुकत नव्हती. कीबोर्ड बदलले, वायरी उपटून पुन्हा खोचल्या, मंगळवार गेला. मी हटलो नाही. बुधवारी जिन्याखाली बाई जावईबापूंना चोरून फोन करताना सापडल्या. पलीकडून ते सांगत होते, "सर्व्हरचं घड्याळ बघा. बाकीच्या कॉम्प्युटरशी पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, तर तो बरोबर पासवर्डही नाकारतो." धावत सर्व्हरच्या खोलीत गेलो. घड्याळ दहा मिनिटं पुढे! मागे घेतलं, आणि चाळीसच्या चाळीस आत.

गुन्हेगारही सापडला. नाव लिहीत नाही. जुना माणूस आहे, कंपनीसाठी हाडं झिजवली आहेत, हेतूही चांगला होता.

तुझा धाकटा

ता. क. : त्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक जावईबापूंकडे, दुसरी माझ्याकडे. लोक रोज उशिरा येतात म्हणून भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं, तर लेकाचे कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली वेळ बघायला लागले. ती वेळ सर्व्हरवरून येते असं ऐकलं होतं, म्हणून रविवारी मी... असो.

आणखी एक : हे पत्र माणसाहाती आजच धाडतोय, जावईबापूंना उद्या काहीही करून पाठव. माझी किल्लीही त्यांच्या हवाली करतो आणि बरोबर दहाला सगळ्यांसमोर माफी मागतो. बातमी फुटली आहे. गोदामवाला आत्ताच बाईंना म्हणाला, "उद्या साडेनऊलाच या, नाहीतर पुढे जागा मिळायची नाही."