तिसरी रांग

वेबुये,
९ जून

आदरणीय आई,

दुरूनच नमस्कार, रीतीप्रमाणे. आम्ही दोघं ठीक आहोत. शाळांच्या गणवेशांची घाई संपली, त्यामुळे दुकानात जरा उसंत आहे. तुमच्या केळीला यंदा घड चांगले लागलेत असं ऐकलं.

फोन केला असता, पण फोन म्हणजे तुमच्या कानाशी लागून बोलणं. जावयानं ते करू नये हे मलाही पटतं. शिवाय माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन शेजारणीच्या हातात देता, आणि मग मला तिच्या संधिवाताची सगळी हकीकत ऐकावी लागते. म्हणून पत्र.

गाडी पाहायला नैरोबीला जाऊन आलो. जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्यांची रांगच्या रांग उभी, सगळ्या पुसून-पासून लग्नाला निघाल्यासारख्या. विकणारा किलोन्झो म्हणून एक गोड बोलणारा माणूस होता. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हवी, असं मी आधीच सांगितलं, कारण आठवड्यातून दोनदा एल्डोरेटला जायचं-यायचं तर नुसत्या पेट्रोलवर आमचं दुकान महिन्याभरात बसेल.

"घरात माणसं किती?" त्यानं विचारलं.

"दोघं."

"मग ही घ्या की! पाच जणांची, नव्यासारखी, तुमच्या पैशांत बसते."

"पाचची नको. सात जणांची दाखवा. मागे तिसरी रांग असलेली."

"दोघांना सात जागा? भाऊ, भाडोत्री प्रवासी भरून मटाटू चालवायचा धंदा काढताय का?"

शेवटी सांगितलं, सासूबाईंना इस्पितळात न्यायचंय. आणि खिशातून शिवणकामाची टेप काढून चालकाच्या सीटपासून शेवटच्या रांगेपर्यंत माप घेतलं. किलोन्झो हसून हसून गाडीला टेकला. "सगळे पाय मावतात का ते बघतात. सासू किती लांब राहते हे मोजणारं पहिलंच गिऱ्हाईक! माझ्या सासूसाठी मला बसच घ्यावी लागेल." मी टेप गुंडाळून खिशात ठेवली. त्याच्या गावची रीत वेगळी असेल.

आमच्या ऐपतीत सात जणांची म्हणजे जास्त जुनी, दाराला खरचटलेली मिळाली. भरतकामाचं मशीन विकलं, शाळांचे बिल्ले आता हातानं टाचायचे. जुन्या गाडीत खरी मेख बॅटरीची असते, ती गेली तर हत्ती पोसण्यातला प्रकार. म्हणून ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला होता. त्यानं यंत्र लावून पाहिलं, मग सीटखालची, बॅटरीला हवा देणारी जाळी उघडली. आतून मूठभर पांढरे केस निघाले! जपानातल्या कुणाच्या तरी कुत्र्याचे. "साफ केलं की झालं. बॅटरी कुत्र्यापेक्षा जास्त जगेल," असं तो म्हणाला. तेव्हा त्या जाळीवर शाल टाकायची नाही, एवढं फक्त लक्षात ठेवा. आणखी एक, गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी बोलते. काय म्हणते ते कुणालाच माहीत नाही. मी आपला "बरं बाई" म्हणतो.

तुमची लेक नमाल्वा सध्या जरा बसून असते, म्हणून तिकडे आली नाही. काळजीचं काही नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मागच्या शुक्रवारी तुम्ही रक्त शुद्ध करून घ्यायला गेलाच नाहीत, हे आम्हाला कळलं. दोन मटाटू बदलून जायचं, त्यात भोंगे आणि गाणी, आणि येताना अंगात त्राण नसतं, हे सगळं मला समजतं. पण डॉक्टरांनी बजावलंय की मंगळवार-शुक्रवार, एकही वार चुकता कामा नये.

सात वर्षं मी तुमच्यासमोर मान खाली घालूनच उभा राहिलो. तुमचा चेहरा मला फोटोतूनच माहीत. पण तुमच्या चपला मी कुठेही ओळखीन. गेल्या वर्षी अंगणात उभा असताना दिसलं की पट्टा एक भोक सैल केलाय. पुढच्या खेपेला आणखी एक. नाताळात पट्टा कापूनच टाकला होता. घरातले सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते आणि तोंड हसत होतं. मी पाय बघत होतो. नमाल्वाला मीच म्हटलं, आईंना डॉक्टरकडे ने. तेव्हा आता गाडीत बसा. मी हात जोडतो.

तुमचा आज्ञाधारक,
खाएम्बा


वेबुये,
१७ जून

आदरणीय आई,

दुरूनच नमस्कार. तुमची चिठ्ठी मटाटूवाल्यानं आणून दिली. एकच ओळ: "अंतर चालकाच्या सीटपासून का मोजलंत?"

तुमच्या वर्गात कॉपी करून कुणी सुटत नसे असं अख्खं किमिलिली गाव सांगतं. मलाही ते आता पटलं.

हो. गाडी मी चालवणार. तुमचा लेक सिफुना मोम्बासाला बंदरावर, त्याला महिन्यातून एकदासुद्धा सुटी मिळत नाही. पगारी चालक ठेवावा तर पेट्रोलमध्ये वाचेल ते सगळं त्याच्या खिशात जाईल. आणि नमाल्वा शिकली असती, पण तिला डॉक्टरांनी खड्ड्यांच्या रस्त्यानं फिरायलाच मनाई केलीय.

आई, ती पोटुशी आहे. पाचवा महिना लागला.

तुम्हाला सांगायचं नाही असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाली, "दोनदा सांगितलं आणि दोनदा आईनं टोपी विणली. दोन्ही टोप्या तिच्या ट्रंकेत आहेत. या वेळी बाळ हातात येईपर्यंत तिच्या कानावर घालायचं नाही. आधीच ती आजारी, तिला तिसऱ्यांदा काही झालेलं सोसणार नाही." हे बोलताना रडली नाही, भाजी चिरत राहिली. आत्ताही ती आत शेंगा सोलतेय आणि तिला वाटतंय मी गिऱ्हाइकांची मापं उतरवतोय. तेव्हा ही बातमी तुम्हाला माझ्याकडून कळलेली नाही.

मला या बाळाची भीती वाटते तेवढीच तुमच्या शुक्रवारांची वाटते. आणखी एक शुक्रवार गेला. नमाल्वा रोज विचारते, "आई गेली का?" आणि मी विषय बदलतो. बाळ आलं आणि तुम्ही नसलात तर तिला काय सांगू? की मला आणि तुम्हाला एका गाडीत बसायची लाज वाटली?

मी पडदा शिवलाय. बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा, मुलींच्या शाळेच्या पिनाफोरचं कापड उरलं होतं. तिसऱ्या रांगेपुढे लावलाय. मी मागे वळणार नाही, बोलणार नाही, खोकणारही नाही. तुम्ही आपल्या खोलीत बसलात असं समजा, फक्त खोली एल्डोरेटला जातेय.

येत्या मंगळवारी सकाळी तुमच्या फाटकाबाहेर गाडी लावून उभा राहीन. मागचं दार उघडं असेल. तुम्ही बसलात की दार ओढून घ्या, त्या आवाजावर मी निघेन. नाही आलात तर दुपारपर्यंत थांबेन. मग शुक्रवारी पुन्हा येईन.

तुमचा,
खाएम्बा


किमिलिली,
२५ जून

जावईबापू,

आशीर्वाद, तोही दुरूनच.

काल तुम्ही सोडून गेल्यावर शेजारणीनं उकड दिली, ती खाल्ली आणि गाढ झोपले. आज बरं वाटतंय. डोकं दुखत नाही. मटाटूनं आले की दुसरा दिवस फुकट जायचा.

बाळाचं म्हणाल तर ते मला तुमच्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. माझी लेक "जरा बसून असते" म्हणजे एक तर आजारी, नाहीतर पोटुशी. आणि आजारी असती तर तुम्ही कुत्र्याच्या केसांवर एवढी शाई खर्च केली नसतीत. तिला काही बोलू नका. तिला वाटू दे की मला ठाऊक नाही. आईला सांभाळायची हौस आहे तिला, ती फिटू दे. टोपी विणणार नाही, हात शिवशिवताहेत तरी.

गाडी बरी आहे. निघाली तेव्हा आवाजच नाही, मला वाटलं बंद पडली आणि तुम्ही लाजेनं सांगत नाही आहात. ती जपानी बाई माझ्यापेक्षा कडक मास्तरीण दिसते. पडद्याचं कापड उत्तम, पण टीप वाकडी आलीय. इतक्या वर्षांच्या शिंप्याला शोभत नाही.

आता परतीचं सांगते, कारण तुम्हाला ते ठाऊकच नाही. टर्बो गाव सोडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. अंग गार पडलं. तुम्हाला हाक मारावी म्हटलं, पण सात वर्षांत तुम्हाला कधी हाकच मारलेली नाही. तोंडाशी काय यावं तेच सुचेना. कसाबसा पडदा सरकवला. वाटलं, आरशात दिसेन, थांबतील. पाहते तर तुम्ही आरसा छताकडे वळवून ठेवलेला! समोर तुमची मान तेवढी. घामानं निथळत होती. दोन्ही हातांनी चाक धरून, टोपलीतली अंडी न्यावी तशी तुम्ही मला नेत होता, आणि मी मागे जिवंत आहे की मेलेय याचा तुम्हाला पत्ता नव्हता.

अंधारी गेली आपोआप. पण मी घाबरले होते, खाएम्बा. मरणाला नाही. वेबुयेच्या उतारावर मागून उसाचे ट्रॅक्टर सुसाट येतात, ते तुम्हाला कसे दिसणार? सासूचा मान राखता राखता जावईच गेला तर माझ्या लेकीनं आणि त्या बाळानं काय करायचं?

रीत मी मोडणार नाही. या वयात नवीन खोड लावून घ्यायची नाही. मी तिसऱ्या रांगेतच बसेन, शेजारी बसणार नाही, हातात हात देणार नाही, आणि तुमच्या घरी चहाला येणार नाही. पण माझ्या आईनं ही रीत मला शिकवली ती एकमेकांचा मान राहावा म्हणून. मागे माणूस मेलेलं आणि पुढे मान खाली, असला मान तिला ठाऊक नव्हता.

तेव्हा पडदा काढा आणि त्याची मला मानेखाली घ्यायला उशी शिवून द्या. सरळ टीप घाला. आरसा नीट लावा आणि अधूनमधून वर बघत चला. माझे डोळे मिटलेले दिसले तर हाक मारा, काहीही म्हणा, ऐकू येतं मला. माझे पाय पुष्कळ पाहिलेत तुम्ही. त्यांनीच मला वाचवलं, हे मी विसरणार नाही. आता चेहरा पाहून ठेवा. फोटोत आहे त्याहून बरा आहे.

शुक्रवारी आरशात भेटू.

नाब्विले