पास्को यांचं मत

३ जून, मंगळवार
रेविन आज टिमारूला गेली. तिच्या बहिणीच्या, ग्लेनिसच्या, खुब्याचं ऑपरेशन आहे. फार तर आठवड्याचं काम. न्यायला ग्लेनिस स्वतःच गाडी चालवत आली होती. ऑपरेशनच्या आधी माणसाने हिंडतंफिरतं राहावं, ते बरंच.
रेविनने पुस्तकांचे चार खोके आणि वाचायचा दिवा बरोबर नेला. आठवड्याला चार खोके जरा जास्त वाटले. पण बायकोच्या सामानात नवऱ्याने बोलू नये.
घर एकदम शांत. याचा फायदा घ्यायचा. संकल्प: आठवड्याला दोन कादंबऱ्या, एक सिनेमा. गेली बावीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास अख्खं ग्रेमाउथ गाव रेडिओवर माझा कार्यक्रम ऐकतं. 'पास्को यांचं मत'. नवी कादंबरी, नवा सिनेमा, माझं मत. आणि हे सगळं मी घरात सतत कोणीतरी बोलत असताना केलंय. आता कोणी बोलणार नाही. मत कुठच्या कुठे जाईल.

५ जून, गुरुवार
कार्यक्रम झकास. बुडून मेलेल्या कोळ्याच्या बायकोची कादंबरी घेतली. ती रोज त्याचे शर्ट धुऊन वाळत घालते. शोक म्हणून नव्हे, तर दोरी रिकामी दिसली की शेजारणी सांत्वनाला येतील म्हणून. हुइया (स्टेशन तीच चालवते, बटणं तीच दाबते, केरही तीच काढते) म्हणाली, लायल, ते शर्टाचं तुम्हाला सुचतं तरी कसं? मी म्हटलं, लाकडं फोडताना सुचलं.
सुचलं रेविनला, बटाटे सोलताना, जायच्या आदल्या दिवशी. पण त्यात दम आहे हे ओळखलं कोणी? या किनाऱ्यावर सोनं नुसतंच पडलेलं होतं. काढणारे आले तेव्हा त्याला भाव आला.

८ जून, रविवार
वाचन सुरू. व्हेल मारणाऱ्यांच्या तळावरच्या आचाऱ्याची कादंबरी, सहाशे पानं. अकराव्या पानापर्यंत पोचलो. आचारी अजून जहाजातून उतरलेला नाही. उजेड कमी पडतो. दिवा टिमारूला.
सकाळी रेविनला फोन केला, ओपनर कुठे आहे विचारायला. जाता जाता विचारलं, ती आचाऱ्याची कादंबरी तू वाचली होतीस ना, काय वाटलं गं तुला? ती म्हणाली, ओपनर दुसऱ्या खणात आहे. ठेवला फोन.
ऑपरेशनच्या घरात माणसं गडबडीत असतात.

१२ जून, गुरुवार
आचाऱ्याची कादंबरी घेतली. पाठच्या कव्हरावरचा मजकूर सावकाश वाचला. मग थोड्या वेगळ्या आवाजात पुन्हा वाचला. तरी नऊ मिनिटांत संपलं. हुइयाने उरलेला वेळ गावरान गाणी लावली. नंतर एका श्रोत्याचा फोन आला, आजचा कार्यक्रम आवडला, असाच ठेवा. गाणी की मी, हे त्याने सांगितलं नाही. मी धरून चाललोय की एकूण परिणाम.
फ्रीझरमधल्या रेविनच्या व्हाइटबेटची, त्या बारीक माशांची, धिरडी केली. अर्धी तव्याला, अर्धी मला.

१५ जून, रविवार
कादंबरी हे मुळात संथ माध्यम आहे. आज सिनेमा. नॉर्वेचा. खाली अक्षरं येतात, आणि चष्म्यावर मी कालच बसलो होतो. तरी चेहऱ्यांवरून सगळं कळतं. एक माणूस बर्फात पडून मरतो. बायको त्याच्याकडे बघत उभी राहते. त्या जागी मी डोळे मिटले, ते उघडले तेव्हा नावं वर चालली होती. संगीत उत्तम.

१९ जून, गुरुवार
बर्फातल्या मृत्यूवर बोललो. मृत्यू कसा न सांगता येतो, मागे राहिलेल्याच्या हातात काय उरतं. माझाच आवाज दाटून आला. अकरा मिनिटं.

२० जून, शुक्रवार
बेकरीत शेजारचा बर्न भेटला. चार लोकांत म्हणाला, अरे लायल, तो मेला कुठे? सासू येणार म्हणून बर्फात पडून राहिला होता तो. हसून हसून आमची मुरकुंडी वळली, आणि तू रेडिओवर रडतोयस.
बर्न सिनेमा वरवर बघतो. मी म्हटलं, विनोदाच्या तळाशी मृत्यूच असतो. बर्न म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मग म्हणाला, रेविन कधी येतेय? मी म्हटलं, खुबा बरा झाला की. तो हातातल्या पेस्ट्रीकडे बघत राहिला. इकडे लोकांना बोलताना माणसाकडे बघायची सवयच नाही.

२२ जून, रविवार
टिमारूला फोन. ग्लेनिसनेच उचलला, धापा टाकत. नाचाच्या क्लासवरून आत्ताच आले म्हणाली. शस्त्रक्रिया किती पुढे गेली आहे, नाही? मी तसं म्हटलंही. तर ती म्हणाली, लायल, माझा खुबा मार्चमध्येच झाला. रेविन माझ्या खुब्यासाठी आलेली नाही. ती तुला जाताना सांगून आली होती ना? का तेव्हाही पालथ्या घड्यावर पाणी?
ग्लेनिसचा महिन्यांचा नेहमी गोंधळ होतो.
जाताना रेविन काहीतरी बोलत होती खरी. मी तेव्हा शर्टाचं टिपून घेत होतो.

२६ जून, गुरुवार
नवी युक्ती केली. पुस्तकच नाही, वाचन या विषयावरच बोललो. 'आपण का वाचतो?' सहा मिनिटांत उत्तर सापडलं.
हुइयाने नंतर चहा दिला आणि दार लावलं. म्हणाली, लायलसाहेब, खरं बोलू का? ते आचाऱ्याचं, ते बर्फाचं, ते काही तुमचं वाटत नाही. पूर्वी तुम्ही बोलायचात तेव्हा कोणीतरी खरंच ते पुस्तक जगून आलंय असं वाटायचं. मग म्हणाली, रेविनना विचारू का? टिमारूहून फोनवर बोलतील त्या.
मी म्हटलं, रेविन फक्त वाचते. मत माझं असतं.
हुइया म्हणाली, बरं. मग दहा जुलैला एक खणखणीत कार्यक्रम करून दाखवा. नाहीतर तो अर्धा तास मी रानडुकरांच्या शिकारीच्या कुत्र्यांवर बोलणाऱ्या माणसाला देते. तो तासभर बोलतो, कागदाशिवाय.
घरी येऊन चूल पेटवायला गेलो. लाकडं ओली. बराच वेळ तसाच बसलो.

२९ जून, रविवार
रेविनचा फोन आला. स्वतःहून. आवाज चांगला होता, म्हणजे शांत. म्हणाली, मी विचार करतेय लायल. बारा जुलैपर्यंत ठरवते, परत यायचं की इथेच राहायचं. तोवर फोन करू नकोस, ओपनरसाठीसुद्धा नको.
मी म्हटलं, पण झालं तरी काय? मी कधी आवाज चढवला? दारू? दुसरी बाई?
ती म्हणाली, तेच तर ना. काहीच नाही. मी तुझ्याशी बोलते तेव्हा तू माझ्याकडे बघत नाहीस रे, पेन शोधतोस.
वाक्य चांगलं होतं. टिपून घ्यावं म्हणून मी खणात हात घातला. खडखड झाली असावी. ती म्हणाली, सापडलं का? आणि फोन ठेवला.
छातीत काहीतरी जड बसलंय. धिरड्यांचं तेल असेल.

१ जुलै, मंगळवार
ठरलं. उद्या सकाळी सरळ गाडी काढून टिमारूला जायचं, दारात उभं राहायचं, सांगायचं. काय सांगायचं ते वाटेत सुचेल.

२ जुलै, बुधवार
जुलै म्हणजे इकडे ऐन हिवाळा, घाटात बर्फ असणार. असल्या हवेत डोंगर ओलांडणं म्हणजे वेडेपणा. गेलो नाही. दुपारी बर्न पलीकडूनच आला, रस्ता कोरडा ठणठणीत होता म्हणे. बर्नचे टायर नवे आहेत.
तिने फोन करू नको म्हटलंय. येऊ नको म्हटलेलं नाही. पण तसाच अर्थ होता. असावा.

३ जुलै, गुरुवार
डोक्यात लख्ख प्रकाश. रेविन टिमारूत इंटरनेटवर माझा कार्यक्रम ऐकत असणार. मग फोन कशाला हवा? दहा तारखेला अशी कादंबरी घ्यायची, जिच्यात बायको परत येते. नाव न घेता तिला सगळं कळेल. एका दगडात दोन पक्षी. कुत्रेवाल्याला जागा नाही आणि रेविन घरी.
(आजचा कार्यक्रम हुइयाने परस्पर गाण्यांवर भागवला. मी हरकत घेतली नाही.)
लायब्ररीत गेलो आणि विचारलं, बायको नवऱ्याला सोडून जाते आणि परत येते, असं काही आहे का? तिथली बाई म्हणाली, सोडून जातात त्या पुष्कळ आहेत. परत येतात त्या बघायला लागतील. शेवटी एक सापडली. म्हणाली, ही येते बहुतेक, माझं वाचून बरीच वर्षं झाली.

५ जुलै, शनिवार
कादंबरी साउथलंडमधल्या एका मधमाश्या पाळणाऱ्याच्या बायकोची. तिसाव्या पानावर ती जाते. आता परत कधी येते ते शोधायचं. पानं उलटून शेवटच बघणार होतो. पण शेवटच्या पानावर नुसता पाऊस आणि बस. कोण चढलं, कोण उतरलं, काही कळेना. म्हणजे मधलं वाचणं आलं.

६ जुलै, रविवार
जेवायचं राहिलं. खिडकीशी बसून एकशे चाळीस पानं वाचली. तो नवरा, काय माणूस आहे. वाईट नाही, तेच वाईट. मारत नाही, पीत नाही, मधाच्या पोळ्यांशी तासन् तास बोलतो. तिला एकदाही विचारत नाही, तुझं काय. ती त्याला राणीमाशीबद्दल स्वतःचं निरीक्षण सांगते, आणि जत्रेत तो ते आपलं म्हणून सांगतो. तिच्यासमोर. गाढव. पुस्तक बाजूला फेकलं आणि लगेच उचललं.

८ जुलै, मंगळवार
संपली. ती परत येते. दोनशे नव्वदाव्या पानावर, भिजून, बॅग घेऊन. तो दार उघडतो आणि म्हणतो, आलीस? चहा टाकतेस का? ती चहा टाकते. त्याला कप देते. आणि पुन्हा निघून जाते, ती कायमची. ती बस तिची होती.
मी रडलो. सिनेमावर बोलताना रडलो होतो तसं नाही. नाक गळेपर्यंत. हे सगळं कोणाला तरी सांगावं असं इतकं वाटलं की दोनदा फोन हातात घेतला. पण फोन करायचा नाही असं ठरलंय.
अडचण: कादंबरीत बायको परत येते, पण राहत नाही. दुसरी शोधायला वेळ नाही. आणि खरं सांगायचं तर दुसरी नकोच आहे.

१० जुलै, गुरुवार
अर्धा तास. कागदाशिवाय. एकदाही अडखळलो नाही.
म्हटलं, या बाईने परत यायलाच नको होतं. दार उघडेपर्यंत थांबायलाही नको होतं. अशा माणसापाशी राहणं म्हणजे भिंतीशी संसार. तो सुधारेल, या आशेवर तिने आणखी दहा वर्षं घातली असती आणि तो तेव्हाही म्हणाला असता, चहा टाक. म्हटलं, मी तिथे असतो तर बसपर्यंत तिची बॅग उचलून नेली असती.
हुइया काचेपलीकडे डोळे पुसत होती. बाहेर येऊन तिने मला मिठी मारली. म्हणाली, लायल, हे तुमचं होतं. फोन थांबत नव्हते. एका बाईने फक्त थँक यू म्हटलं आणि ठेवून दिला.
माझं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत माझं. रेविनने नक्की ऐकलं असणार. आता तिला कळेल आपण कोणाला सोडून आलोय.

११ जुलै, शुक्रवार
घर आवरलं. चादरी बदलल्या. भिंतीपाशी कोरडी लाकडं रचली. मटण आणून ठेवलं, तिच्या पद्धतीने करायचं आहे. बर्नने कुंपणावरून विचारलं, पाहुणे येणार का? मी म्हटलं, पाहुणे कसले, घरचीच येतेय. त्याने स्वतःहून कोबी दिला. रडू आलं होतं, पण कोबी घेताना रडणं बरं दिसत नाही.

१२ जुलै, शनिवार
सकाळी रेविनचा मेसेज आला. जसाच्या तसा लिहून ठेवतो:
'लायल, काल बॅग भरली होती. आज ग्लेनिस मला सोडायला येणार होती. रात्री म्हटलं, निघायच्या आधी तुझा गुरुवारचा कार्यक्रम ऐकावा. ऐकला. तू आयुष्यात इतकं चांगलं, इतकं खरं कधी बोलला नव्हतास. माझं मन द्विधा होतं. तू म्हणालास ते अगदी बरोबर आहे. बॅग रिकामी केली. जप स्वतःला.'
मी लगेच फोन केला. ते मत त्या कादंबरीपुरतं होतं, मधमाश्यावाल्याबद्दल होतं, सरसकट नव्हतं, हे सांगायला. उचलला नाही. पुन्हा केला. ग्लेनिसने उचलला आणि म्हणाली, ती समुद्रावर फिरायला गेलीय. मग पहिल्यांदाच नीट बोलली, लायल, कार्यक्रम मीही ऐकला रे. चांगला झाला.
दुपारी हुइयाचा फोन. लोकांच्या आग्रहावरून रविवारी पुन्हा लावतेय म्हणाली. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, आता विनय कसला करता?
मटण करपलं. तसंच खाल्लं, उभ्याने, शेगडीपाशी.
बावीस वर्षं बोलतोय. माझं मत ऐकून कोणी काही केलं, असं आज पहिल्यांदाच झालं. हे रेविनला सांगायला हवं, असं वाटलं.