भाजलेला राक्षस

तोक्यो, १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय मित्सुए,

साडेतीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच परत पाठवावंसं वाटलं असेल तुला; पण एवढं वाच. मी इथे सिनेमात आहे. ट्यूना पकडणारा माणूस आता रबराचा राक्षस होऊन पुठ्ठ्याचं शहर तुडवतो. आत असं उकडतं की बूट उलटे केले तर वाटीभर घाम निघतो. आई म्हणते, याच्यासाठी वाढवलं का तुला!

गोष्ट अशी, की समुद्राच्या तळाशी झोपलेला प्राणी अणुबॉम्बच्या चाचणीनं होरपळून जागा होतो नि शहरावर चालून येतो. मंत्री ठरवतात, तो कुठून आला हे लोकांना कळू द्यायचं नाही. कळलं तर मासळी कोण घेईल? पटकथेतलं ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पहिल्याच दिवशी आमचे दिग्दर्शक कुरिबायाशी वैतागले. राग दिसत नाही, राग दाखव, असं सारखं चाललेलं. शेवटी मी मुखवटा काढून म्हणालो, "साहेब, त्याला राग आलेला नाही. त्याला भाजलंय."

तुला काय ठाऊक, त्यांनी विचारलं. नोकरी जाईल म्हणून लपवलेलं सगळं तिथेच बाहेर पडलं. चोपन्नच्या मार्चमध्ये समुद्रात बॉम्बची चाचणी झाली, तेव्हा आमच्या बोटीवरही पांढरी राख पडली होती. काय आहे बघायला मी ती जिभेवर घेतली होती. मासळी विकली जाणार नाही म्हणून मालकानं आमची तोंडं बंद केली.

कुरिबायाशींनी मुखवटा उचलून माझ्या हाती दिला. मग म्हणाले, "तसाच चाल."

परवा थिएटरात मागे उभा राहून सिनेमा पाहिला. राक्षस वर आला तेव्हा लोक हसले. तो अंग सांभाळत, वाकून चालू लागला तसं हसू विरलं. शेजारची म्हातारी "बिचारा" म्हणाली. मला रडू आलं, पण फार बरं वाटलं.

तुझ्यावरचं माझं मन उडालंय, असं सांगून मी गेलो, ते खोटं होतं. मी किती जगेन, मुलं होतील का, झाली तर कशी, कुणीच सांगत नव्हतं. काल डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांत रक्तात काही बिघाड नाही, खुशाल लग्न कर. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो नि कितीतरी वेळ नुसता श्वास घेतला. तू अजून एकटीच आहेस, असं आई म्हणाली. येत्या रविवारी दुपारच्या गाडीनं येतोय. हो म्हण, नाही म्हण. पण या वेळी खरं ऐकून म्हण.

तुझाच, आधीही नि आताही,
तामोत्सु