सावधान स्थितीतली संमती

आष्टा, मंगळवार, संध्याकाळ

गुडघ्याला ॲक्युपंक्चर करून घ्यायला आलेल्या निवृत्त हवालदारकाकांना आज संमतीचा कागद मी सगळा वाचून दाखवला. सुयांनी चक्कर येऊ शकते, रक्त साकळू शकतं, नको असेल तर नाही म्हणता येतं. प्रत्येक ओळीला एकच उत्तर, "व्हय मॅडम." सही केली. टेबलावर निजले तेव्हाही दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, परेडला उभे असल्यासारखे. मला हसू आलं. का आलं?

चौथ्या सुईला त्यांना दरदरून घाम फुटला, ओठ पांढरे पडले. मी सुया काढल्या, पाय उंच केले. त्यांच्यासोबत आलेल्या काकू बाहेरून धावत आल्या. "आवं, सुयांचं लय भ्या हाय त्यास्नी. पर डाक्टरनं सांगितल्यावर न्हाई कसं म्हणायचं?"

म्हणजे मी विचारत होते आणि ते हुकूम ऐकत होते. कागदात तर काहीच चुकलेलं नाही. तेच खुपतंय.

निघताना मुद्दाम म्हटलं, "काका, पुढच्या मंगळवारी यायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा."

"व्हय मॅडम." हात पुन्हा मांड्यांना.

आणि मी वहीत पुढच्या मंगळवारच्या पानावर त्यांचं नाव लिहून टाकलं.