मुठीवरचा खळगा

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

आज काकांशी खोटं बोलले. लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मी ते स्वतःला वेगळंच सांगेन.

काका दारव्ह्याहून जेवायला आले होते. चाळीस वर्षं त्यांनी एकाच घडीच्या चाकूने संत्र्याची कलमं बांधली. नजर अधू झाली तेव्हा तो चाकू मला दिला. "पर्समंधी ठेव बाई, रोज वापर." मी वापरला नाही. झिजेल म्हणून जपला. गेल्या महिन्यात तर लोहारा गावातल्या एका वर्कशॉपमधून पॉलिश करून आणला आणि काचेच्या कपाटात मांडला. शिंगाच्या मुठीवर काकांच्या अंगठ्याने पडलेला खळगा होता, तो त्यात घासला गेला. तेव्हा मला मूठ छान गुळगुळीत वाटली होती!

जेवणानंतर पेरू कापायला त्यांनी चाकू मागितला. मी हौसेने हातात दिला. त्यांचा अंगठा मुठीवर फिरत राहिला, खळगा शोधत.

"हा माहा नाही."

मी पेरूची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"हरवला काय वं? तं सांग नं. वापरातली वस्तू हरवतेच. मले तं भेव होतं, तू त्याले कपाटात मांडून ठेवशीन."

"हो काका, हरवला."

ते इतके खूश झाले की पेरू अर्धा मलाच दिला. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. आता कसं सांगू?

चाकू समोर आहे. मघापासून त्या मुठीवर अंगठा ठेवून पाहते आहे. घसरतो.