ऐकू न येणारा डबा

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समज). तुझा खोकला थांबला का? भावोजींचं कानातलं यंत्र सापडलं का? नसेल तर शोधू नका, सुखात आहेत ते.

इकडे तुझ्या भाच्याने उच्छाद मांडलाय. गाणी ऐकायला दोन उंच स्पीकर होते ते पुरेनात, म्हणून एक काळा डबा आणलाय. सबवूफर म्हणतात त्याला, बोलत काही नाही, नुसता घुमतो. तो कुठे ठेवायचा त्याची तऱ्हा ऐक. मला माझ्या खुर्चीतून उठवलं, खुर्चीत डबा बसवला, आणि हा पन्नाशीचा घोडा खोलीभर रांगत सुटला. रांगताना जिथे घुमणं चांगलं ऐकू येईल ती डब्याची जागा म्हणे. (लहानपणी रांगलाच नाही, एकदम उभा राहिला. आता कसर भरून काढतोय.) तेवढ्यात सूनबाई ऑफिसातल्या साहेबांना घेऊन आली. साहेबांनी चहा उभ्याउभ्याच घेतला. शेवटी जागा सापडली कुठे, तर माझ्या खुर्चीपुढे, माझ्या पाय ठेवायच्या स्टुलाची! स्टूल गेलं माळ्यावर.

मग सुरू झालं आवाज जुळवणं. त्याचं चष्म्याचं दुकान, तिथे भिंगं बदलत गिऱ्हाइकाला विचारतो तसंच मला विचारायचा, "आता बरं की मघाशी बरं?" स्पीकरमधून नुसतं फस्स, मग डब्यातून नुसतं घूं, दोन्ही सारखी वाटली पाहिजेत. आता बरं म्हटलं तर म्हणायचा, नीट ऐक ना गं. मघाशी बरं म्हटलं की तोंड पाडायचा. (त्याची गिऱ्हाइकं चष्मा घेतात की सुटका करून घेतात, देव जाणे.) आणि नियम काय, तर एवढा महागाचा डबा ऐकू येताच कामा नये! स्पीकरमध्ये असा मिसळला पाहिजे की तो आहे हे कळू नये, पण बंद केला तर घर ओकंबोकं वाटलं पाहिजे. सूनबाई म्हणाली, "मग आईंनाच विचारताय ते बरोबर आहे, त्यांना सवय आहे त्याची." (चांगल्या अर्थाने म्हणाली की कसं, अजून ठरवतेय.)

एकदाचा जुळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर डबा स्पीकरच्या वरचढ. पुन्हा जुळवला, पुन्हा तेच. पोराचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तणतणत वर आले. दुपारी पेशंटने आ केला की खुर्ची हादरते, कपाटातल्या कवळ्या नाचायला लागतात म्हणे. तुझा भाचा ताडकन म्हणाला, दुपारी घरी फक्त आई असते, तिला बटण कुठलं तेही माहीत नाही. मीही मान हलवली. आता डबाच बिघडलेला आहे असं ठरवून तो पुढच्या रविवारी दुकानात परत देणार आहे. नुसता वैताग आलाय, अक्का.

तुझी,
धाकटी

ता. क. बटण मागच्या बाजूला आहे, गोल. दुपारी गाणी लावून, डब्यावर पाय ठेवून ते पुरतं फिरवलं की गुडघ्यांत अशी गोड थरथर सुटते, कुठल्या तेलाने कधी सुटली नाही! काल कठडा न धरता जिना उतरले. फक्त बटण परत फिरवायचं राहतं, डोळाच लागतो. तेव्हा पत्र मिळताच त्याला फोन कर, म्हणावं मावशी डबा ऐकायला येतेय, देऊ नकोस परत. तुझा शब्द तो मोडत नाही.

पुन्हा ता. क. खरोखरची येऊ नकोस हं. डब्यावर दोनच पाय मावतात.